खाडीकाठचं पडीक खाचर पुन्हा पेरता येईल का? आणि कंपन्यांनी शेती नेली म्हणजे नेमकं काय नेलं?

आगासनखाचर (प्रश्न)

दिवा-आगासन पट्ट्यात खाडीलगत 50 गुंठे भातजमीन आहे. सातबारा घरचा, संपादन नाही, आरक्षण नाही. पूर्वी हा सगळा खार (खाडीलगतची खारी भातजमीन) एका बांधाच्या आत होता आणि बांध सगळ्या खातेदारांचा मिळून होता. आजची परिस्थिती सांगतो.

बांधाला दोन खांडी (भगदाडं) पडल्यात, मोठी साधारण 4 मीटर रुंद. उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, झडप गेली, नुसतं दगडी तोंड उरलंय. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) खाचरात गुडघाभर पाणी चढतं, भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) येत नाही. खांडीच्या तोंडाशी पाच-सहा गुंठ्यांत तिवरं (कांदळवनाची झाडं) वाढलीत. उत्तरेच्या शेजाऱ्यांनी डेब्रिजचा भराव टाकल्यामुळे पावसाचं पाणी आमच्या अंगावर येतं. नाल्याला मधूनमधून फेस आणि औषधी वास असतो. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापुद्री धरते.

जागा विकायची नाही, भराव टाकून चाळही उठवायची नाही. निदान अर्ध्या भागात भात घ्यायचा आहे.

गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच: कंपन्या आल्या आणि शेती गेली. ठीक आहे, पण गेली कशाने? विष आलं म्हणून, मीठ आलं म्हणून, की राबणारी माणसं गेली म्हणून? पुढचा सगळा खर्च या उत्तरावर ठरणार आहे. मीठ असेल तर धुता येईल, विष असेल तर पिकलेला भात खाणार कोण? जाणकारांनी सांगावं. "ड्रॅगन फ्रूट लावा" हा सल्ला मिळालेला आहे, तो परत नको.

बांधबंदिस्ती

तिन्ही गोष्टी खऱ्या, पण क्रम लक्षात घ्या. आधी माणसं गेली, मग बांध गेला, मग मीठ आलं. विषाचा हिशोब वेगळा, तो माती तपासल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये.

खारजमीन मुळात उधाणाच्या पातळीच्या खाली असते. ती शेती म्हणून टिकते ती दोनच गोष्टींवर, बांध आणि उघाडी. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला टांगलेली असते. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. यंत्र इतकं साधं आहे की त्याला कुणी यंत्र म्हणत नाही. पण माणूस लागतो. झडपेत ओंडका किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की चार बोटांची फट राहते आणि एका उधाणात खाचर खारं होतं. चिंबोऱ्या (खेकडे) बांधाला बिळं पाडतात. बीळ ओहोटीच्या वेळी दिसलं आणि त्याच दिवशी चिखलाने ठासलं तर दोन घमेल्यांचं काम असतं. महिनाभर राहिलं की त्यातून पाणी पाझरतं, पाणी माती नेतं, आणि पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला तिथेच खांड पडते.

म्हणून खारात बांधाचं काम वाटून घेतलेलं असायचं. रायगडकडे याला जोळ म्हणतात: ज्याची जेवढी जमीन त्याच्याकडे तेवढी बांधाची लांबी किंवा तेवढी माणसं. या व्यवस्थेचा कच्चा दुवा असा की बांध सगळ्यांचा एकच असतो. बारा खातेदारांपैकी तिघांनी लक्ष काढून घेतलं तर नुकसान तिघांचं होत नाही, बाराही जणांचं होतं. 1948 च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने सरकारी योजना झाल्या, पण खासगी बांध मालकांच्याच अंगावर राहिले.

आता तुमच्या खांडीबद्दल. बांधाची उंची सर्वात मोठ्या उधाणाच्या खुणेवर निदान पाऊण ते एक मीटर हवी. खाडीकडचा उतार 1:3, आतला 1:2, माथा किमान 1 मीटर. उंची दीड मीटर धरली तर 4 मीटर लांबीला साधारण 28 घनमीटर माती लागते. ओला चिखल बसतो, म्हणून चौथाई जादा धरा, म्हणजे 35 घनमीटर, सुमारे 12-13 ब्रास. ही माती खाऱ्या चिकणमातीचीच हवी. मुरूम किंवा डेब्रिज टाकाल तर बांध दिसायला भक्कम आणि आतून चाळणी. आणि माती काढताना बांधाच्या पायथ्यापासून निदान 3 मीटर सोडून काढा. पायथ्याशीच चर खणून तीच माती वर टाकतात, बांध त्याच चरात घसरतो.

उघाडीचा आकार कुणी मोजत नाही म्हणून सांगतो. 60 सेंमी व्यासाच्या नळातून पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने गेलं तर तासाला सुमारे 1,000 घनमीटर निघतं. तुमच्या 50 गुंठ्यांवर 100 मिमी पाऊस पडला तर पाणी 500 घनमीटर. अर्ध्या तासाचं काम. पण तुमच्या अंगावर शेजारचं आणि वरच्या वस्तीचंही येतं. ते क्षेत्र 10 हेक्टर असेल तर 10,000 घनमीटर, आणि उघाडी एका ओहोटीत पाच-सहा तासच उघडी राहते. म्हणजे दोन ओहोट्या. तेवढ्यात रोप बुडून कुजत नाही, पण त्याच वेळी उधाण असेल तर ओहोटीही पूर्ण उतरत नाही. एकाऐवजी दोन नळ टाका.

पाळीबदल

वर "माणसं गेली" म्हटलंय ते अगदी बरोबर, पण कशी गेली हे पाहिलं तर पुढच्या नियोजनाला उपयोग होईल.

एमआयडीसी स्थापन झाली 1962 च्या ऑगस्टमध्ये, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पाठोपाठ खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याची पट्टी. कारखाने रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे; गावं आणि खार पश्चिमेला, खाडीकडे. म्हणजे पुष्कळ ठिकाणी कारखान्याने भातखाचर थेट गिळलंच नाही. त्याने खाचराचा माणूस घेतला.

कारखान्याची पाळी घड्याळाने चालते: 7 ते 3, 3 ते 11, 11 ते 7. खाडी तिथीने चालते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. मुंबईला अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाला. अष्टमीला उलटं: भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. ठाण्याच्या टोकाला हे सगळं थोडं उशिरा. बांधाची दुरुस्ती करायची ती अष्टमीच्या आसपास, भांगात, कारण तेव्हा भरती फार चढत नाही. आणि त्या दिवसांची उजेडातली ओहोटी भर दुपारी, म्हणजे पहिल्या पाळीच्या ऐन मध्यात. आठवड्याची सुट्टी वाराने येते, भांग तिथीने येतो. दोन्ही जुळतील तेव्हा जुळतील.

लावणी-कापणी तशीही चालू राहिली, हे लक्षात घ्या. ती बायकांनी केली, रजा काढून केली, जव्हार-मोखाड्याकडून आलेल्या मजुरांकडून करून घेतली. लावणीला मजूर मिळतो, कारण ते काम आठ दिवसांचं आणि ठरलेल्या वेळचं आहे. रात्री अकराला जाऊन उघाडी बघणारा मजूर मिळत नाही. पगारी नोकरी आणि भातशेती एकत्र नांदू शकतात. पगारी नोकरी आणि सामाईक बांध नांदत नाहीत.

दुसरा धक्का संपादनाचा. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 ची. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं तिच्या क्षेत्रात आली. जिथे एका बांधातले निम्मे खातेदार संपादनात गेले तिथे उरलेल्यांवर अख्खा बांध पडला. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली. ती जमिनीची भरपाई. खाचर-बांध-उघाडी मिळून जे चालत होतं त्याची भरपाई कुठल्याच खात्यात बसत नव्हती.

आणि मग नोकरीही पालटली. ज्या पट्ट्यात रसायनं आणि यंत्रसामग्री होती तिथे ऐरोली, घणसोली, महापेला आयटी पार्क आणि डेटा सेंटर आली. पहिल्या पिढीला कायम नोकरी, फंड, ईएसआय मिळालं. पुढच्या पिढीला ठेकेदाराकडची सुरक्षारक्षकाची नाहीतर हाउसकीपिंगची. भिवंडीकडे काल्हेर-पूर्ण्याच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, तिथे काम आहे ते हमालीचं आणि टेम्पोचं. हातात वेळ परत आला तोवर बांध गेलेला होता. बांध रजेवर ठेवता येत नाही.

तुमच्या कामाचं एवढंच: खर्चाचा अंदाज काढताना मातीच्या ब्रासबरोबर एक माणूस धरा. जून ते ऑक्टोबर, रोज दोन ओहोट्या. तो नसेल तर बांध घालू नका, पैसे वाया जातील.

रासायनिक

बांधबंदिस्ती यांचा क्रम मान्य, पण विषाचा मुद्दा त्यांनी फार सहज बाजूला सारला. पारसिकच्या डोंगरातून येणारे ओढे पूर्वी खाराला गोडं पाणी आणि गाळ द्यायचे. मीठ धुवायला तेच पाणी लागतं. तेच ओढे वसाहतींमधून काँक्रीटचे नाले होऊन आले, तेव्हा गोड्या पाण्याची शाश्वती संपली. सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं आली ती नंतर. आधीच्या काळातलं जे गाळात बसलं ते बसलंच. भरतीला खाडीचा गाळ उठतो आणि खांडीतून आत येतो. पाणी आज कितीही स्वच्छ दिसलं तरी गाळ जुना असतो.

त्यामुळे मीठ धुतलं की झालं, असं समजू नका.

मातीपरीक्षक

भांडण मिटवायला नमुना पुरतो. नीट घेतला तर.

दोन वेळा घ्या. एकदा मे महिन्यात, मीठ सर्वात वर असतं तेव्हा. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यात, चार-पाच मोठे पाऊस झाल्यावर. दोन आकड्यांतला फरक सांगतो की तुमची जमीन धुतली जाते की नाही. नुसता मे महिन्याचा अहवाल पाहून अनेकांनी खारजमीन कायमची सोडून दिली आहे, आणि नुसता ऑगस्टचा पाहून काहींनी रब्बीची स्वप्नं बघितली आहेत. खोली 0-15, 15-30 आणि 30-60 सेंमी, तिन्ही वेगळ्या पिशव्यांत. पांढरी पापुद्री खरवडून नमुन्यात घालू नका. ती वेगळी ठेवा. खांडीजवळचा, मधला आणि नाल्याकडचा भाग असे तीन नमुने वेगळे, एकत्र कालवू नका. धातूंसाठीचा नमुना लोखंडी फावड्याचा नको, लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने घ्या.

क्षारता वाचताना एक गफलत हमखास होते. नेहमीच्या अहवालात ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) असते ती मातीत दोन-अडीचपट पाणी घालून काढलेली. भाताच्या तक्त्यातले आकडे संपृक्त चिखलाच्या अर्काचे असतात. हे दोन आकडे एकमेकांना लावू नका. अर्काच्या मोजणीत 4 डेसीसायमनच्या वर खारवट जमीन. भात 3 पर्यंत सहन करतो, पुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे 12 टक्के घटतं. म्हणजे 6 ला एक तृतीयांशाहून जास्त गेलं. विरळ केलेल्या मोजणीत 1 च्या खाली असेल तर काळजी नाही, 1 ते 2 मध्ये उगवण अडते, त्यावर पीकच अडखळतं. प्रयोगशाळेला सरळ विचारा, कुठल्या पद्धतीने मोजलं.

सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तरच जिप्सम. आपल्याकडे खारात लोक जिप्समची पोती आधी आणतात, तपासणी नंतर करतात. पुष्कळ वेळा पावसानेच भागतं. उलट टोकही पाहा. तिवरांखालचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल सुकला की कधी कधी आंबट होतो. ओल्याचा सामू आणि महिनाभर सुकवलेल्याचा सामू दोन्ही काढा. फार उतरला तर तो भाग उकरू नका, पाण्याखालीच राहू द्या.

आता धातू. कृषी खात्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू, ईसी, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा येत नाहीत. त्यासाठी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पैसे भरून वेगळं मागावं लागतं. तीनपैकी नाल्याकडचा आणि खांडीजवळचा नमुना द्या, मधला नाही दिला तरी चालेल. भाताच्या बाबतीत खरी भीती कॅडमियमची. जमीन पाण्याखाली असताना ते मातीत जखडून असतं, दाणा भरताना जमीन कोरडी पडली की मुळांना मोकळं होतं. म्हणून संशयित जमिनीत पाणी लवकर काढू नका, दाणा पिवळा पडू लागेपर्यंत थांबा. मात्र सतत पाणी ठेवलं तर आर्सेनिक वाढायची बाजू असते, त्यामुळे दोन्हीची तपासणी एकत्र करा. पहिल्या वर्षी दाणा खाऊ नका, विकूही नका. कांडून पॉलिश केलेला तांदूळ तपासा. कॅडमियमसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला 0.4 मिलिग्रॅम आहे. त्याच्या बऱ्याच खाली आला तर पुढच्या हंगामाचं बोला.

रासायनिक यांचा गाळाचा मुद्दा रास्त आहे. बांध घातल्याचा एक फायदा तोच, नवा गाळ येणं थांबतं. नाल्याचं पाणी मात्र खाचरात घेऊ नका, बांधाच्या बाहेरून काढून द्या.

आगासनखाचर

सगळ्यांचे आभार. धुण्याची पद्धत आणि बियाणं याबद्दल कुणी लिहील का? अर्धं, म्हणजे 25 गुंठे धरून सांगा. शिवाय तिवरांचं काय करायचं? एक जण म्हणतो सरळ कापून टाका, खासगी जागा आहे.

भातवाला

आधी धुणं. ठाण्याला पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिमी पाऊस पडतो, त्यामुळे गोड्या पाण्याला तोटा नाही, ते जमिनीतून जाऊ देण्याची अडचण आहे. मातीच्या जेवढ्या खोलीतून मीठ काढायचं तेवढ्याच उंचीचं पाणी आरपार झिरपलं तर सुमारे 80 टक्के मीठ जातं, असा ढोबळ नियम. खाराच्या चिकट मातीत पाणी झिरपायला फार वेळ लागतो. त्यामुळे झिरपण्याच्या भरवशावर न राहता वरचेवर खळबळून काढायचं. जूनचे पहिले मोठे पाऊस 10-15 सेंमी साठू द्या, दोन-तीन दिवस ठेवा, चिखलणी करून गढूळ करा, आणि ओहोटीला सगळं सोडून द्या. असं तीन-चार वेळा. शेवटचं पाणी तोंडात घेऊन बघायची जुनी पद्धत तुमच्या नाल्याकडे बघता करू नका, दोन-तीन हजारांचा ईसी मीटर घ्या.

उन्हाळ्यात जमीन उघडी टाकू नका. कापणीनंतर उथळ नांगरट करून ढेकळं पडू द्या किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला. केशाकर्षणाने मीठ वर चढतं ते त्यानेच थांबतं. ही एक गोष्ट केली तरी पुढच्या जूनचं निम्मं काम हलकं.

बियाणं पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 या तिथल्या जाती. पूर्वी खारात भुरा रत्ता, काळा रत्ता या गावठी लाल जाती असायच्या, उत्पन्न कमी पण मिठाला चिवट. जया, रत्ना असल्या चांगल्या खाचरातल्या जाती इथे आणू नका.

25 गुंठ्यांना अडीच गुंठे रोपवाटिका आणि 12-15 किलो बी. रोपवाटिका खारात करायची नाही, वरच्या गोड्या जागेत गादीवाफ्यावर करा. बी 3 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे 10 लिटरला 300 ग्रॅम, बुडवून तरंगणारं काढून टाका आणि उरलेलं गोड्या पाण्याने दोनदा धुवा. रोप 21 दिवसांचं लावायची सवय असते. खारात 30-35 दिवसांचं लावा, कोवळं रोप मिठात मरतं. एका चुडात (एका जागी) 4-5 रोपं, अंतर 15 बाय 15 सेंमी. भाताला मिठाचा फटका दोनदा बसतो, रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. मधल्या काळात तो बराच सोसतो. फुलोरा सप्टेंबरात पाऊस असताना आला पाहिजे, म्हणून फार गरवी (उशिरा तयार होणारी) जात नको.

युरिया वरून फोकू नका, पाण्यासोबत निघून जातो. युरिया-डीएपीच्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या मधे 7-10 सेंमी खोल खोचा. चारसूत्री भात लागवडीच्या 15-25 सेंमी जोडओळीत हेक्टरी 62,500 गोळ्या लागतात, म्हणजे 25 गुंठ्यांना साडेपंधरा हजारांच्या आसपास, वजनाने 42 किलो. पहिल्या वर्षी अंतर दाट ठेवलं असेल तर गोळी चारांच्या गटाला एकच, प्रत्येक चौकोनात नको. गिरिपुष्पाचा पाला मिळेल तेवढा चिखलणीत गाडा.

पहिल्या वर्षी शेताचे डाग पडतील, इकडे हिरवं तिकडे जळालेलं. ते साहजिक आहे. जळालेले डाग खुणा करून ठेवा, पुढच्या वर्षी तिथलं पाणी आधी काढायचं.

नकाशावाचक

तिवरांना हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश आणि 2018 चा अंतिम निकाल, दोन्ही खासगी जमिनीलाही लागू आहेत. तोड, भराव, बांधकाम बंद, आणि तिवरांभोवती 50 मीटरचा पट्टा राखीव. "आपलीच जागा" म्हणून कापली तर गुन्हा दाखल होतो, आणि तो सल्ला देणारा तेव्हा साक्षीलाही येत नाही.

तुमची खरी अडचण पट्ट्याची आहे. 50 गुंठे म्हणजे साधारण 70 बाय 70 मीटर. तिवरांच्या कडेपासून 50 मीटर मोजले तर उरतं ते थोडं. म्हणून आधी मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा गट कुठे येतो ते पाहा, मग पुढे. अर्ज करताना "नवा बांध" असा शब्द कुठेही येऊ देऊ नका. तुम्ही जुन्या बांधाची दुरुस्ती मागताय. पुरावा गोळा करा: जुने सातबारे आणि पीकपाहणीत भाताची नोंद, गावनकाशा, गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं ज्यात बांध अखंड आणि आत खाचरं दिसतात. अर्ज ठाण्याच्या खारभूमी विभागाला, प्रती तहसीलदार आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला. लेखी उत्तर येईपर्यंत जेसीबी आणू नका. तिवरांचे पाच-सहा गुंठे बाहेर सोडून आतून जाणारी ओळ सुचवा. तिवरं बांधासमोर राहिली तर लाटांचा मार तीच खातात, त्यात तुमचं भलंच आहे. शेजाऱ्यांच्या भरावाची तक्रार याच अर्जात घालू नका, ती तहसीलदारांकडे वेगळी, पंचनाम्याच्या मागणीसह.

थोडं अवांतर. नवी मुंबई वसवताना सिडकोने हीच खाराची युक्ती शहराला लावली. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीच्या आसपास किंवा खाली, म्हणून धारण तलाव आणि खाडीच्या तोंडाला झडपा. भरतीच्या वेळी झडप बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर. रोगही तेच. तलावात गाळ भरला, गाळात तिवरं उगवली, आता गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. तलावात जेवढा गाळ तेवढं पाणी साठवायला जागा कमी, आणि ते पाणी मग सेक्टरात दिसतं. शहराला पगारी खातं असून ही अवस्था आहे, बारा खातेदारांना काय बोल लावायचा.

जिताडा

भाताला पर्याय म्हणून मत्स्यतळं कुणी सुचवलं नाही ते बरं झालं. खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीला किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि गाळातले धातू भातापेक्षा कोळंबी-कालवांत लवकर साठतात. या पट्ट्यात बांध मुद्दाम फोडून मासळी आत घ्यायची सवय आहे. तुमची खांड चिंबोरीने पाडली की माणसाने, ते एकदा बघून घ्या. कडा उभी कापल्यासारखी असेल तर माणसाची.

बांधबंदिस्ती

परवानगी मिळाली तर खांड बुजवण्याचं वेळापत्रक सांगून थांबतो.

फेब्रुवारी ते मे, अष्टमीच्या दोन दिवस आधी सुरुवात. लहान खांड आधी, मोठी नंतर. दोन्ही बाजूंनी बांबूच्या मेखांच्या दोन रांगा, मधे एक-सव्वा मीटर अंतर, आतून तट्टे लावून चिखल पायांनी तुडवत भरत या. या सगळ्या काळात उघाडीचं तोंड सताड उघडं ठेवा, झडप बसवायची नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. उघाडी आधी बंद केली की आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी वेगळी होते, सगळा प्रवाह उरलेल्या चिंचोळ्या खांडीतून धावतो आणि तळ खरवडतो. मग 4 मीटरची खांड 7 मीटरची होते आणि टाकलेली माती खाडीत. शेवटचा मीटरभर तुकडा एकाच ओहोटीत बंद झाला पाहिजे, त्यासाठी चिखलाची पोती आधीच दोन्ही बाजूंना रचून ठेवा. त्यानंतरचं उधाण उघडं तोंडच सोसेल. ते उतरलं, बांध कुठे खचला ते पाहिलं, भर घातली, की मग पुढच्या भांगात झडप. बिजागरी लोखंडी नको, खाऱ्या पाण्यात दोन पावसाळेही टिकत नाही. गनमेटल परवडत नसेल तर जाड रबराचा पट्टा लावा.